वाणातली हळद

गेल्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवात एका नव्या सुनेनं वाण म्हणून हळद वाटली. सून पुण्याची, लग्न होऊन जळगावला आली तरी तिची तिथली नोकरी लॅपटॉपवर चालूच आहे. सासूबाईंनी म्हणे चहाच्या गाळण्या आणून ठेवल्या होत्या. पण हिनं हट्टानं मेघालयातून लाकडोंगची हळद मागवली, बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्यांत भरली आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली. बाटली हातात पडल्यावर बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. कुणी झाकण उघडून नाकाशी नेलं, कुणी चिठ्ठीवरचं ‘करक्यूमिन ७ टक्के’ मोठ्यानं वाचलं. शेजारच्या काकू मात्र अगदी निरागसपणे म्हणाल्या, "अगं बाई, हळदीकुंकवाला हळदच? ती तर घरात असतेच की." सगळ्या हसल्या. सूनही हसली, जरा उशिरा.

पुढे काही कामानं काकूंकडे गेले, तर ती बाटली देव्हाऱ्यात, कोयरीच्या शेजारी ठेवलेली. "एवढी महागाची हळद वरणात कशाला घालायची? देवाला वाहते रोज चिमूटभर," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात त्या सुनेचं कौतुकही होतं. मला त्यात काय खटकलं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. देवाला चांगलं ते द्यावं, हे मलाही मान्य आहे. पण एखादी गोष्ट रोजच्या ताटातली असेपर्यंत आपण तिच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि ती जरा चांगली निघाली की तिला ताटातूनच उठवतो, असं काहीतरी ते होतं.

‘ती तर घरात असतेच’ हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

खरंच असते. साखर संपली तर आपण शेजारी वाटी पाठवतो, मीठ संपलं तर मुलाला पिटाळतो. हळद संपल्याचा बोभाटा कधी होत नाही. किराणाच्या यादीत ती जिऱ्यामोहरीच्या खाली कुठेतरी असते. बरेचदा दुकानदारच आठवण करतो, "ताई, हळद?" आणि आपण "हां, द्या पाव किलो" म्हणून मोकळ्या होतो. कुठली, कोणत्या हंगामातली, असं विचारणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. गहू आपण मुठीत घेऊन बघतो, दाण्याला दात लावतो, शेंगदाणा खाल्ल्याशिवाय घेत नाही, मिरची तर देठ मोडून, बी हलवून, दुकानदाराशी दोन शब्द भांडून घेतो. हळदीपाशी आलं की हीच चोखंदळ बाई गप्प. त्यात आम्ही जळगावचे. सोनं घ्यायला इथे परगावाहून लोक येतात, आणि केळीचा घड लांबून बघून माल कसा ते सांगणारी माणसं तर गल्लोगल्ली. पिवळ्या रंगाची एवढी पारख असलेल्या गावात हळद तेवढी नुसती ‘हळद’.

माझं आजोळ चोपडा तालुक्यातलं, सातपुडा दिसतो अशा एका गावातलं. मामांची केळी. केळीच्या बेवडावर, म्हणजे केळी निघालेल्या रानात, एखाद्या तुकड्यात मामा हळद लावायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर बसल्या की त्याच सुमारास बेणं मातीत जायचं. मग पावसाळाभर ती मोठमोठी हिरवी पानं, आणि संक्रांत उलटेपर्यंत ती पिवळी पडून आडवी व्हायची. पाणी तोडायचं, पाला कापायचा आणि माघ-फाल्गुनात काढणी. मातीतून निघालेल्या ओल्या गड्ड्याला तुम्ही हळद म्हणणार नाही, इतका तो चिखलानं माखलेला, आल्याच्या जवळचा दिसतो. मोडला की आतून एकदम केशरी. त्याचा वास मातीचा, थोडा कापराचा, थोडा कच्च्या कैरीच्या सालीचा. तो हाताला बसला की जेवताना भाकरीलाही यायचा.

मग हळद शिजवायची. शेताच्या कडेला भट्टी खणलेली, तिच्यावर लोखंडी कढई, इतकी मोठी की आम्ही मुलं तिच्यात बसून खेळायचो म्हणून शिव्या खायचो. हळकुंडं त्यात ओतायची, वर बुडेल एवढं पाणी, आणि त्यावर हळदीचाच पाला आणि गोणपाट दडपून द्यायचे. तासाभरात फेस वर यायचा, पांढरी वाफ सुटायची आणि वास बदलायचा. ओल्या हळदीतला तो कच्चा, नाकाला झोंबणारा भाग निघून जायचा आणि आपण ज्याला हळदीचा वास म्हणतो तो पहिल्यांदा तिथे जन्मायचा. हे मला फार उशिरा कळलं, की शेतातून हळद तशीच येत नाही, ती कढईत हळद होते. शिजवल्यानं आतला स्टार्च फुलतो, रंग गाभ्यापासून सालीपर्यंत सारखा पसरतो, कोंब फुटायची ताकद जाते आणि पुढे वाळायलाही ती लवकर वाळते. मोठ्या मायला, म्हणजे माझ्या आजीला, यातलं काही सांगता आलं नसतं. ती वाळलेल्या तुराटीची काडी घ्यायची, एक हळकुंड बाहेर काढून त्यात टोचायची, आणि काडी लोण्यात जावी तशी आरपार गेली की म्हणायची, "आते व्हयनी." दोन मिनिटं कमी पडली तर हळकुंड वाळल्यावर आतून खडूसारखं राहतं आणि जास्त झाली तर रंग उतरतो. काडीवरचा तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. नातवंडांना आज्यांच्या चुका आठवत नसतात, हेही खरं.

त्यानंतरचे पंधरा दिवस खळ्यावर राखण. खान्देशातलं फाल्गुन-चैत्राचं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्याला दुसरं काही काम नसतं. हळकुंडं पातळ पसरायची, दुपारी पायानं उलटी-पालटी करायची, रात्री दव नको म्हणून झाकायची. वाळली की नाही हे कानानं ओळखायचं. दोन हळकुंडं एकमेकांवर मारली आणि धातूसारखी खणकली की झाली. एवढं सगळं करून शंभर किलो ओल्या हळदीची जेमतेम वीस किलो वाळकी हळद हातात यायची. आमच्या डोळ्यांसमोर एवढा मोठा ढीग आटत जायचा आणि मामी म्हणायची, "काम पाच पोत्यांचं, माल एक पोतं."

घरची हळद म्हणजे स्वर्ग होता असं सांगायची मला घाई नाही. डब्यातल्या हळकुंडांना पावसाळ्यात भोकं पडायची, किडे निघायचे. दिवाळीच्या पुढे वास कमी व्हायचा. ती कुटायचा दिवस उजाडला की घरातल्या बायका एकमेकींची तोंडं बघायच्या, कारण वाळकं हळकुंड दगडासारखं असतं आणि खलबत्त्यातून उडून ते कपाळावर बसतं. पुढे गावात कांडपाची गिरणी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या मामीला झाला होता. फक्त पहाटे लवकर नंबर लावायचा, मिरची दळायच्या आधी. नाहीतर वर्षभर हळद घातलेलं दूधही तिखट लागतं.

मोठी माय दुकानातली तयार पूड हातात आली की तिचा रंग बघून हरखणाऱ्या सुनांना एकच सांगायची. "रंग नको दखू, वास ल्ये."

हे वाक्य मला त्या बाटलीवरचा आकडा वाचताना आठवलं. करक्यूमिन म्हणजे काय, तर हळदीचा पिवळा रंगच. चिठ्ठीवरचे सात टक्के रंगाचे आहेत. वास येतो तो वेगळ्याच गोष्टीमुळे, हळदीतल्या उडून जाणाऱ्या तेलामुळे. त्या तेलाचा आकडा पाकिटावर फारसा कुणी छापत नाही. म्हणजे बाजार आज आपल्याला जे मोजून दाखवतो ते नेमकं तेच, ज्याच्याकडे बघू नको असं मोठी माय सांगत होती. तिचंही सगळं बरोबर होतं असं नाही, रंग फिका म्हणजे माल हलका असूही शकतो. पण जुनी, गोदामात पडून राहिलेली पूड दिसायला पिवळीधमकच राहते आणि नाकाला मात्र कागदासारखी लागते, हा अनुभव कुणालाही घरच्या डब्यात येईल.

आणि रंग करताही येतो. हळकुंडांना पिंपात घालून पॉलिश करतात तेव्हा शेवटी वरून रंगाचा हात फिरवायची पद्धत जुनीच आहे. पूर्वी हळदीचीच पूड वापरायचे, लोभी लोक लेड क्रोमेट वापरतात. ते चमकदार पिवळं असतं आणि त्यात शिसं असतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातले नमुने तपासले तेव्हा त्यातल्या ४७ टक्क्यांत ते सापडलं होतं. तिथल्या सरकारनं धाडी घातल्या, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आणलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. घरी करून बघायची सोपी परीक्षा एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलेली आहे: ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवायची. चांगली हळद तळाला बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद पिवळं होतं. चुन्याची परीक्षा आमच्याकडे सगळ्यांना पाठ, हळदीला चुना लावला की लाल होते, कुंकू त्यातूनच होतं. पण त्यानं एवढंच कळतं की आत हळद आहे. आणखी काय आहे ते चुना सांगत नाही.

संक्रांतीनंतर मी मनाशी ठरवून टाकलं की या वर्षी मला दोन जणींना काही द्यायचं आहे ते हळदच द्यायचं. एक माझी भाची, तिनं नाशिकला घर घेतलंय आणि आईचा फोन कानाला लावून का होईना, रोज स्वतः स्वयंपाक करते. दुसऱ्या धुळ्याच्या मोठ्या वहिनी, ज्यांना घरी कुणी काही दिलं की त्या आधी उलटून किंमत बघतात. काकूंचं ते वाक्य खोटं ठरवायचं होतं, हे कबूल करते. त्या भानगडीत माझ्या ओट्यावर डब्यांची रांग लागली. वर्ध्याकडची वायगावची हळद, सांगलीची राजापुरी, केरळातली आलेप्पी, त्या सुनेनं मला दिलेली लाकडोंग, आणि मामेभावाच्या शेतातली सेलम जातीची. मामा गेले, पण भाऊ अजून एका तुकड्यात हळद लावतो. नवरा म्हणाला, "हे काय पाच कन्यांचं स्थळ बघतेयस का?"

कशात घालून बघायची हा मोठाच प्रश्न होता. आमचं खान्देशी जेवण हळदीच्या परीक्षेला फारसं सोयीचं नाही. शेवभाजीत काळा मसाला एवढा गरजतो की हळद कुठली ते हळदीलाही कळू नये. भरताचं तर विचारूच नका. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही त्याची मिरवणूकही मनातल्या मनात काढली, पण आमच्या घरच्या भरतात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, हळद नाहीच. उरतं काय? साधं तुरीचं वरण. फोडणीचं ताक. बट्टीच्या पिठात घातलेली हळद, जी वाफवून, कापून, तळून झाल्यावर तुपात चुरताना परत डोकं वर काढते. कैरीचं लोणचं. आणि तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल, बाजूला पापड. मी खिचडी निवडली, कारण ती बिघडली तरी घरात कुणी तक्रार करत नाही.

वेगळेपणा होता. माझी अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त, आणि पाकिटांवर लिहिलं होतं त्यापेक्षा कमी. राजापुरी पिवळीजर्द आणि सौम्य, जेवणात कुणाच्या मध्ये येत नाही. लग्नकार्याच्या स्वयंपाकात ती का चालते ते कळलं. आलेप्पी गरम तेलात पडली तेव्हा नारिंगीकडे झुकली. वायगाव चिमूटभर घातली तरी कुकरची शिट्टी उघडल्याबरोबर ओळख द्यायची, तिचा वास जरा उग्र, नव्या हळदीचा. लाकडोंग सगळ्यात गडद. ती नेहमीच्या चमच्यानं घालायची नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्याकडे नेहमीच्या अंदाजानं टाकली तर खिचडी कडवट झाली आणि तिनं ती हळद वाईट म्हणून बाजूला ठेवली. हळद वाईट नव्हती, चमचा जुना होता. भावाची सेलम मधली: भरगच्च रंग, मातीचा वास, काहीसा जड. ती मला सगळ्यांत आवडली की आजोळची म्हणून आवडली, हे सांगायला मी योग्य साक्षीदार नाही. म्हणून मुलाला डोळे मिटून वास घ्यायला लावला. त्यानं वायगावकडे बोट दाखवलं.

या सगळ्यात एक विनोदही झाला. आमच्या ओळखीतले एक काका, सकाळी मोबाईलवर येणारे सगळे आरोग्य-संदेश न चुकता वाचणारे. त्यांनी बाटली बघितली आणि विचारलं, "सात टक्के म्हणजे गुडघ्यांना किती दिवसांत फरक पडेल?" मी हिशेब करून दाखवला. वरणात अर्धा चमचा हळद, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. त्यात ४ टक्के धरले तर ६० मिलिग्रॅम करक्यूमिन, ७ टक्के धरले तर १०५, आणि ते वरण खाणार चौघं. शिवाय करक्यूमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि पोटातून रक्तात फार थोडं जातं. मिरी असेल तर थोडं जास्त. काका खट्टू झाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ते हेच. चांगली हळद चवीसाठी द्यावी, औषध म्हणून दिली की घेणाऱ्याच्या अपेक्षा आपल्याला निस्तराव्या लागतात.

मग गावाचं नाव. एकाच गावची, एकाच शेतातली हळद द्यायची म्हटलं तर कळायला हवं ना ती कुठली? आणि इथे माझी फार चिडचिड झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, वायगावला त्याच्या आधीच होतं, २०२४ मध्ये हिंगोलीकडच्या वसमतलाही मिळालं. सांगलीची कीर्ती तर पेवांपासून आहे. हरिपूरच्या जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच बुडवली. पण सांगली ही आधी बाजारपेठ आहे. तिथे कर्नाटकातली हळद येते, तेलंगणातली येते, मराठवाड्यातली येते, आणि पूड होऊन बाहेर पडताना पाकिटावर बरेचदा ‘सांगली’ एवढंच उरतं. आमचे मामाही पोती भरून तिकडेच न्यायचे. चोपड्याची माती, तापीकडचं पाणी, मोठ्या मायची तुराटीची काडी, सगळं त्या ढिगात पडलं की आडतीवरचा माणूस हळकुंड मोडून बघायचा, एक भाव बोलायचा, आणि त्या क्षणापासून ती कुठलीच नसायची. मामांना यात काही वाईट वाटायचं नाही. त्यांना भाव हवा होता. नाव हवंय ते मला, शहरात राहून ज्या मला हळद विकत घ्यावी लागते.

राष्ट्रीय हळद मंडळाची सुरुवात २०२५ च्या ऐन संक्रांतीला झाली, मुख्यालय निजामाबादला. जगातली ७० टक्क्यांहून जास्त हळद आपण पिकवतो असं त्या वेळी सगळीकडे छापून आलं. छापणाऱ्यांचं बरोबरच आहे. पण त्यातला आमच्या वाण्याच्या पाव किलोच्या पुडीतला हिस्सा कुठल्या शिवारातला, हे कुणी सांगेल तर मी त्याला पेढे देईन.

शेवटी माझी निवड फार साधी झाली. भाचीला वायगाव, कारण ती नाशिकला एकटीपुरतं वरण-भात, खिचडी, फोडणीची पोळी असलं करते आणि त्यात हळद दिसते, लागते. शंभर ग्रॅमच. जास्त दिली की ती दोन वर्षं पुरवते आणि मग तिच्या डब्यातही कागदच उरतो. काचेची बाटली दिली नाही. दिसायला सुंदर असते, पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग संध्याकाळपर्यंत कसा पळतो ते बघितलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. स्टीलची घट्ट झाकणाची डबी घेतली, तीही भांडेवाल्याकडून, नाव घालून. भाचीनं फोन करून विचारलं, "मावशी, ही खूप महाग आहे का? मग रोज वापरू का नको?" मी जवळजवळ ओरडलेच. म्हटलं, रोज वापर, फोडणीत वापर, जळू देऊ नको, आणि देवाला दुकानातली वाहा.

वहिनींसाठी भावाची सेलम. वहिनी दर चैत्रात बरणीभर लोणचं घालतात, त्यांना पूड देण्यात अर्थ नव्हता, त्या दुसऱ्यानं दळलेल्या कशावरही विश्वास ठेवत नाहीत. म्हणून अख्खी हळकुंडं. भावाकडे गेले तेव्हा तो केळीला पाणी देत होता. मी म्हटलं, एक चिठ्ठी लिहून दे: गावाचं नाव, सेलम, यंदाच्या फाल्गुनातली. तो हसायला लागला. "कोनी नाव लिखस का हळदवर?" मग हसता हसता विचारात पडला, घरात गेला, आणि लेकीच्या वहीचं पान फाडून त्यावर गावाच्या नावाखाली गट नंबरही लिहून आणला. सातबारा तेवढा जोडायचा राहिला. पोत्यात हात घालून निवडून निवडून लांब हळकुंडं काढली त्यानं, दोन एकमेकांवर वाजवून दाखवली. पैसे घेईना. मी खिशात कोंबले तर म्हणाला, बाजारात मिळाले असते त्यापेक्षा जास्त आहेत, एवढे नको. त्या पैशांवरून आमची बांधावर चांगलीच ओढाताण झाली. महाग पाकिटासाठी मी ऑनलाइन निमूट पैसे भरले होते, आणि इथे मात्र माझ्याच भावाला दुप्पट भाव देताना मला आपण काहीतरी उपकार करतोय असं वाटत होतं. तेही त्याला दिसलं असणार.

वहिनींनी अपेक्षेप्रमाणे पिशवी उलटून किंमत शोधली, ती नव्हती, चिठ्ठी सापडली. गट नंबर वाचून त्यांनी चष्मा वर केला. मग एक हळकुंड बत्त्यानं फोडलं, आतला रंग उजेडाकडे धरून बघितला, वास घेतला, आणि काही न बोलता मसाल्याच्या डब्यातली जुनी हळद एका वाटीत काढून बाजूला केली. गिरणीत मिरचीच्या आधीचा नंबर मिळावा म्हणून दुसऱ्या दिवशी त्या सहा वाजता जाऊन बसल्या म्हणे. यंदाचं लोणचं त्या हळदीचं आहे. एक वाटी मलाही आलं. तेलाचा रंग नेहमीपेक्षा गडद आहे, चव वहिनींच्या हाताची आहे, त्यात हळदीचा वाटा किती ते मला काढता येणार नाही.

आता अडचण अशी की भाऊ पुढच्या आखाजीला हळद लावणार नाही म्हणतो. शिजवायला माणसं मिळत नाहीत, बॉयलर भाड्यानं आणायचा तर चार-पाच शेतकरी एकत्र यावे लागतात, आणि आजूबाजूला सगळी केळी. तो तुकडाही केळीखाली घेतो म्हणाला, आणि मला त्याला अडवायचा काही अधिकार नाही. घरापुरतं थोडं बेणं परसात लावेन, तुझ्या चिठ्ठीसाठी, असं हसून म्हणाला, पण परसातल्या हळदीवर गट नंबर कुठला टाकणार? वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांनी परवाच फोन करून पुढच्या वर्षीच्या लोणच्यासाठी अर्धा किलो सांगून ठेवली आहे, "तुझ्या भावाच्याच शेतातली हं, दुसरी चालणार नाही," आणि विहिणीसाठी पाव किलो वेगळी.